व्याह्यांची भोगीची आंघोळ

माझ्या व्याह्यांना मी आजवर एकदाच बेशुद्ध पाडलं आहे, आणि तेही पाहुणचाराच्या भरात.

व्याही म्हणजे रंगनाथराव, माझ्या सुनेचे वडील. बेलापूरला बी-बियाण्यांचं दुकान, नव्वद किलोचा देह आणि भजनी मंडळातला सगळ्यात मोठा आवाज. मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका कारखान्याशेजारच्या गावात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. गाव मला ‘सर’ म्हणतं. (घरात माझी किंमत काय, ते पुढे कळेलच.) आणि घर चालवते ती माझी बायको मंदा. सातवी पास, बोलायला कमी, ऐकायला फार तिखट. त्या दिवशी ती नसती, तर ही हकीकत विनोदी म्हणून लिहायची माझी हिंमत झाली नसती.

सगळ्याच्या मुळाशी एक गॅस गिझर होता. आमचा मुलगा सचिन पुण्यात राहतो. त्याच्या सोसायटीनं नोटीस लावली, की बाथरूममधले जुने गॅस गिझर धोक्याचे आहेत, सगळ्यांनी काढून टाकावेत. सचिननं अकरा वर्षांचा गिझर काढला आणि भंगारात द्यायला दाराशी ठेवला. नेमका त्याच दिवशी मी तिथे टपकलो.

“अरे, चालू आहे ना हा?” मी विचारलं.

“चालू आहे, पण बाबा, डेंजर असतं ते.”

“पुण्याची माणसं नाजूक! दे इकडे.”

ज्या वस्तूवर शिकल्यासवरल्या माणसांची अख्खी सोसायटी बंदी घालते, ती आपण घरी का न्यावी, हा प्रश्न मला पडलाच नाही. फुकट ते पौष्टिक, एवढंच शास्त्र मला त्या वेळी आठवत होतं. गिझर गोधडीत गुंडाळून मी एसटीनं गावी आणला. शेजारच्या सीटवरची बाई दोनदा म्हणाली, “बाळाचं तोंड तरी उघडं ठेवा!”

घरी आल्यावर तो मी स्वतः मोरीच्या भिंतीवर टांगला. (बाथरूमला मंदा मोरीच म्हणते, आणि मीही.) सिलिंडर मागच्या पडवीत ठेवला, नळी भिंतीला भोक पाडून आत घेतली. धूर बाहेर नेणारा पत्र्याचा पाइप सचिनच्या माळ्यावरच राहून गेला होता. मंदानं विचारलंसुद्धा, “ह्याचा धूर कुटून जानार?”

“अगं वेडे, गॅसला कुठे धूर असतो?” मी म्हणालो. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस हे म्हणाला, याची कृपया नोंद घ्यावी.

मंदानं तिचा तांब्याचा बंब मागच्या अंगणात हलवला आणि जाहीर केलं, “मी काय त्या डब्याखाली आंगूळ करायची न्हाई. मला आतमंदी जीव घाबरल्यावानी हुतं.” मी हसलो. नव्या गोष्टींना बायका आधी घाबरतातच, असं म्हणून मी विषय मिटवला.

आता आमच्या गावची एक खासियत सांगायला हवी. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की चिमणीतून उसाच्या चिपाडाची काळी राख उडते आणि गावभर भुरभुरत पडते. वाळत घातलेल्या धोतरावर, दह्यावर, नवरदेवाच्या फेट्यावर, कुठेही. हंगामात गावात कुठेही काही काळं दिसलं, की माणूस न बघता म्हणतो, “कारखाना!” भिंत काळी झाली, कारखाना. बनियन काळं झालं, कारखाना. एकाचं जावळ फार काळं निघालं, तेव्हाही कुणीतरी कारखान्याचंच नाव घेतलं होतं.

तर त्या डिसेंबरात आमच्या मोरीची गिझरवरची भिंत काळी पडायला लागली. मी बघितलं आणि म्हणालो, “कारखाना! व्हेंटिलेटरमधून राख आत येतेय.” व्हेंटिलेटर म्हणजे मोरीची छताजवळची काचपट्ट्यांची हातभर खिडकी. मी स्टुलावर चढून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. आठवड्यानं भिंत आणखी काळी! मी म्हणालो, “बघ, कागदातूनसुद्धा येते!” मग साखरेच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी आणली आणि खिळे मारून व्हेंटिलेटर गच्च बंद केला. पुढच्या आठवड्यात भिंत काळीकुट्ट. मी चिमणीकडे मूठ दाखवली आणि कडेच्या फटीत मेणसुद्धा भरलं. काळं आतूनच होतंय, मी जितकं बंद करतोय तितकं जास्त होतंय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. त्या डोक्यात तेव्हा मेणच होतं.

मंदा एकदा मोरीत डोकावून आली आणि म्हणाली, “अवो, त्या डब्याचा जाळ पिवळा झालाय. आदी निळा हुता.”

“पिवळा रंग शुभ असतो,” मी पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं.

“शुभ कसला डोंबलाचा! पिवळा जाळ म्हंजी बर्नर चोंदला. कुना मेकॅनिकला बोलवा.”

‘निळी ज्योत व पिवळी ज्योत यांतील फरक स्पष्ट करा,’ हा प्रश्न मी दर चाचणीला दोन मार्कांसाठी घालत असे. हवा पुरेशी मिळाली नाही, की ज्वलन अपूर्ण राहतं, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. हे मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलं, की गावातला म्हशी राखणारासुद्धा झोपेत म्हणून दाखवेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

शिवाय इशारे काही थोडे नव्हते. मला स्वतःला आंघोळीत गरगरल्यासारखं व्हायचं आणि फार उदात्त विचार सुचायचे. निवृत्तीनंतर वैराग्य येतंय, असं मी समजलो आणि दोन अभंगही रचले. (ते ऐकून मंदा म्हणाली, “आंगूळ जरा लवकर उरकत जावा.”) एक दिवस मोरीच्या भिंतीवरची पाल टप्पदिशी माझ्या खांद्यावर पडली. धडधाकट पाल, जन्म त्या भिंतीवर काढलेला, ती पडेलच कशी, असं एखाद्या विज्ञानाच्या माणसाला वाटलं असतं. मी मात्र ओल्या अंगानं पंचांग काढलं आणि खांद्यावर पाल पडली तर विजय मिळतो, हे वाचून खूश झालो. पालीला मंदानं सुपलीत घालून अंगणात नेऊन ठेवलं. थोड्या वेळानं ती हलली आणि चालती झाली.

“बगा,” मंदा म्हणाली, “वाऱ्यावर नेली तर उठली.”

हे वाक्य मी त्या वेळी ऐकून सोडून दिलं.

जानेवारीत सचिन आणि सूनबाई ऋतुजा पहिल्या संक्रांतीला घरी आले. लेकीची पहिली संक्रांत म्हणून बेलापूरहून रंगनाथराव आणि विहीणबाई कुसुमताई हलव्याचे दागिने, काळी साडी आणि तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन भोगीच्या आदल्या दिवशी आले. त्याच संध्याकाळी ऋतुजा गिझरच्या पाण्यानं तोंड-हातपाय धुऊन आली आणि डोकं धरून बसली.

“सासर आहे, पहिल्या संक्रांतीला डोकं दुखायचंच!” मी विनोद केला. मंदा हसली नाही. तिनं ऋतुजाला निक्षून सांगितलं, “उद्या तुला अन् तुझ्या आईला मी बंबाचं पानी देते. त्या डब्याकडं बगायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी भोगी. आमच्याकडे भोगीला तीळ वाटून अंगाला लावून डोक्यावरून कडकडीत आंघोळ झालीच पाहिजे. ‘न खाई भोगी तो सदा रोगी,’ हे जेवणाबद्दल असलं, तरी आंघोळीबद्दलही आम्ही तितकेच कडक. बायकांच्या आंघोळी मंदानं बंबावर उरकल्या. राहिले रंगनाथराव.

“पाव्हणं, तुम्हाला मी गिझरचं पाणी देतो!” मी छाती काढून म्हणालो. “तोटी फिरवा, की कढत! जितकं हवं तितकं!”

रंगनाथरावांचा चेहरा खुलला. “आमाला आंगुळीला वाईच येळ लागतो बरं का, सर.”

“लागू द्या की! तास लागू द्या!”

मंदा दाराआडून मला खुणावत होती. व्याह्यांसमोर ती कधी येत नाही. आली तर डोक्यावर पदर, आणि बोलायचं झालं तरी सरळ नाही, माझ्यामार्फत. आत नेऊन ती म्हणाली, “त्यांना म्हनावं, बंबाचं घ्या. तुमचं काय जातंय?”

“अगं, व्याह्यांना चुलीच्या धुरातलं पाणी द्यायचं? बेलापुरात काय सांगतील ते?”

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण व्याह्यांच्या अंगाला गार वारा लागू नये, म्हणून ते आत गेल्यावर मी गोणपाटाची घडी करून मोरीच्या दाराखालच्या फटीत बाहेरून चेपून बसवली. हवा यायला राहिलेली ती शेवटची जागा. मी ती मोठ्या प्रेमानं बुजवली.

आतून तोटी सुटली, गिझरनं भक् केलं आणि पाठोपाठ रंगनाथरावांचं भजन सुरू झालं. काय आवाज! शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मी ओट्यावर बसून टाळ्यांनी ठेका धरला. पहिल्या बादलीला आवाज टिपेला होता. दुसऱ्या बादलीला जरा खाली आला. तिसरीला ताल सुटला आणि एकच ओळ चार वेळा आली. चौथ्या बादलीला शब्द संपले, नुसता “हूं... हूं...” असा सूर राहिला.

“व्वा!” मी सचिनला म्हणालो. “समाधी लागली बघ! असं तल्लीन होता आलं पाहिजे.”

आणि मग सूरही थांबला. आत धप्पकन काहीतरी पडलं.

स्वयंपाकघरातून मंदाचा आवाज आला, “काय पडलं वो?”

“साबण,” मी म्हणालो.

“साबन एवडा?”

“मोठा साबण असेल. बेलापूरहून आणला असेल.”

मंदा बाजरीच्या पिठानं माखलेले हात घेऊन बाहेर आली आणि मोरीच्या दिशेनं कान देऊन उभी राहिली. मला वाटलं, ही भजन ऐकतेय. ती म्हणाली, “पानी पडतंय, पन तांब्याचा आवाज न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजी पानी नुसतं वाहतंय. अंगावं कुनी घेत न्हाई. त्यांना म्हनावं, बाहेर या.”

आता व्याह्यांच्या आंघोळीचं दार वाजवायचं म्हणजे काय, हे मुलाच्या बापालाच कळेल. ‘तास लागू द्या’ म्हणालेल्या तोंडानं ‘आवरा’ म्हणायचं? पाणी मोजतात, गॅस मोजतात, असं झालं असतं. मी दारापाशी गेलो, हळूच खाकरलो आणि अत्यंत गोड आवाजात म्हणालो, “पाव्हणं, सावकाश होऊ द्या हं! काही घाई नाही!”

हे मी बेशुद्ध माणसाला सांगत होतो. आजही आठवलं, की अंगावर काटा येतो आणि पाठोपाठ हसू येतं, आणि हसल्याबद्दल पुन्हा लाज वाटते.

मंदानं माझ्याकडे एकदा पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, तसं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती धावत मागच्या पडवीत गेली आणि पहिल्यांदा सिलिंडर बंद केला. (मी असतो तर आधी दाराशी झटलो असतो आणि गॅस आत तसाच पेटता राहिला असता.) मग दाराखालचं गोणपाट तिच्या नजरेला पडलं.

“हे कुनी कोंबलं?”

“वारा लागू नये म्हणून...”

“देवा!” ती म्हणाली. ते गोणपाट तिनं ओढून फेकलं आणि दारावर दोन्ही हातांनी धडाधड थापा मारल्या. “ओ दादा! रंगनाथ दादा! ओ द्या!”

व्याह्यांशी थेट बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. आतून उत्तर नाही.

“अगं थांब!” मी म्हणालो. “ते आंघोळ करतायत, काय अवस्थेत असतील! लोक काय म्हणतील?”

“मयताला आल्यावं म्हनतील ते म्हनतील!”

पडवीच्या खुंटीला ऊसतोडीचा कोयता अडकवलेला असतो. तो तिनं घेतला, फायबरच्या दाराच्या फटीत घुसवला आणि सगळं वजन टाकून एक हिसका दिला. आतल्या कडीचे स्क्रू टणाटण उडाले. दार उघडलं, कढत वाफ बाहेर आली. रंगनाथराव भिंतीला टेकून कलले होते, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, डोक्याला साबणाचा फेस, अंगाला तीळ, मान छातीवर पडलेली. मंदानं कोयता माझ्या हातात कोंबला, पदर कमरेला खोचला, श्वास धरला, आत शिरून त्यांना दोन्ही काखांत धरून दाराशी ओढलं आणि ओरडली, “सचिन, पाय धर! ऋतुजा, पुढचं दार उघड!”

नव्वद किलो! जिच्यानं गव्हाचं पोतं सरकत नाही म्हणून मला हाक मारली जाते, तिनं तो देह मुलाच्या मदतीनं मोरीतून ओसरीत आणि ओसरीतून अंगणात नेला. मलाही काहीतरी करावंसं वाटलं, म्हणून मी वाहती तोटी बंद करायला मोरीत शिरलो. लगेच अंगणातून हाक आली, “तुमी आदी बाहेर या! एकाला वढलाय, दुसऱ्याला वढायची ताकद न्हाई माज्यात!”

मी बाहेर आलो. अंगणात रंगनाथरावांना तिनं कुशीवर वळवून ठेवलं होतं. कुसुमताई “अवो, अवो” करत त्यांचे तळपाय चोळत होत्या, ऋतुजा “पप्पा” म्हणून रडत होती. मंदा त्यांच्या नाकाशी हात धरून बसली होती. “श्वास हाय,” ती म्हणाली. “चालू हाय. रडू नको, पोरी, गाडी बोलवायला सांग.” आणि वरून, अगदी निवांत, कारखान्याची काळी राख रंगनाथरावांच्या पांढऱ्या फेसावर ठिपक्या-ठिपक्यांनी पडत होती.

आरडाओरडा ऐकून गल्ली गोळा झाली. त्यांना दिसलं ते असं: पाहुणे अंगणात निपचित, विहीणबाई रडतायत आणि सर हातात कोयता घेऊन शेजारी उभे!

“मानपानावरून झालं का काय, सर?” शेजारचे शब्बीरभाई हळूच म्हणाले.

“संक्रांतीच्या वानात काय कमी पडलं हुतं व्हय?” मागून एक बाई.

“अहो नाही! गिझरनं झालं!” मी कोयता हलवून सांगितलं. गर्दी दोन पावलं मागे सरकली.

“आदी तो कोयता खाली ठिवा!” मंदा ओरडली. “शब्बीरभाऊ, तुमचा टेम्पो काढा. दवाखान्यात न्यायचंय, मोरीत गॅसनं गुदमरलेत.”

शब्बीरभाईंनी पुढे एक शब्द विचारला नाही. टेम्पो निम्मा कांद्यानं भरलेला होता, त्यावर गोधडी टाकली. (तीच, गिझरची.) रंगनाथरावांना वर घेताना त्यांचे डोळे अर्धे उघडले. ते कण्हले, उलटी झाली, आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “भजन... कुटवर आलं हुतं?”

कुसुमताई रडता रडता हसल्या. मंदानं तोंडावरून हात फिरवला आणि सगळं पीठ गालाला लागलं. मी टेम्पोच्या फळीला धरून वर चढलो आणि त्यांच्या पायाशी, कांद्यांवर बसलो.

श्रीगोंद्याच्या दवाखान्यात त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे बघून थबकले. “सर, तुम्ही?” मग मलाही ओळख पटली. दहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा हा. त्यानं विचारलं, गिझर किती जुना, पाइप बाहेर काढलाय का, खिडकी आहे का? मी एकेका प्रश्नाला उत्तर देत गेलो आणि एकेक मार्क गमावत गेलो. खिडकीला पोत्याची पिशवी ठोकल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं.

“सर, हे तुम्हीच शिकवलं होतं ना? निळी ज्योत, पिवळी ज्योत...”

“दोन मार्कांना,” मी म्हणालो.

“अजून पाच-दहा मिनिटं आत राहिले असते, तर मी काही करू शकलो नसतो,” तो म्हणाला. “ज्यांनी दार फोडलं, त्यांच्यामुळे ते आहेत.”

मी वळून पाहिलं. मंदा बाकावर बसली होती. बोटांवर बाजरीचं पीठ वाळून पापडी धरली होती आणि आता, सगळं झाल्यावर, ती पापडी ती नखानं खरवडत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

“तुला कसं कळलं गं?” मी विचारलं.

“त्यात काय कळायचंय? लगीन झाल्यावं आपन एका खोलीत राहत हुतो. थंडीचं दार लावून स्टो पेटवला, की जाळ पिवळा व्हायचा, भांडं काळं व्हायचं अन् माजं डोकं फुटायचं. दार उघडलं की सगळं नीट. भांडं काळं हुतंय, तर मानसाचं काय हुईल, एवढं कळंना व्हय?”

त्या खोलीत मीही राहत होतो. त्याच स्टोव्हच्या उजेडात बसून मी ‘ज्वलन’ या धड्याचं टाचण काढायचो, आणि समोर माझी बायको डोकं धरून बसायची. ती चहा मागते असं समजून मी तिलाच चहा करायला सांगायचो. हे आठवलं आणि मला फार वाईट वाटलं. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो दवाखान्यात, लोकांसमोर, काढून घेतला नाही. आमच्याकडे हे फार मोठं आहे.

रंगनाथरावांना दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. ओसरीत बसवल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मंदाला समोर बोलावलं. ती पदर सावरत दाराआड उभी राहिली. “वैनी, आता कसला पदर?” ते म्हणाले. “चड्डीवरला मानूस वढून काढला तुमी. आजपासनं तुमी माजी थोरली भैन.” आणि तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडला. मंदा पुढे आली, त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्यांच्याशी दुसऱ्यांदा थेट बोलली, “दादा, जेवून घ्या. भोगीची भाजी ठिवलीया.” कुसुमताईंनी आणलेले हलव्याचे दागिने ऋतुजाला घातले, आणि त्यातला हार काढून ऋतुजानं सासूच्या गळ्यात घातला. मी फोटो काढला. त्यात माझा अंगठा आला आहे.

गिझर त्याच दिवशी भिंतीवरून उतरला. मेकॅनिक आला, त्यानं झाकण उघडून आतली काजळी पाहिली आणि हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही, बहुतेक मंदाला. त्यानं बजावलं, की गॅस गिझर ठेवायचाच तर बाहेरच्या उघड्या भिंतीवर ठेवा, दर वर्षी तपासून घ्या, आणि जुना झाला की मोह सोडा. मी मान डोलावली. तो गेल्यावर मात्र गिझरकडे बघून मला वाटलं, चालू तर आहे. कर्जतला माझा चुलतभाऊ असतो, त्याच्याकडे पाणी तापवायला काहीच नाही.

“मंदा,” मी म्हणालो, “हा आपण चुलतभावाला...”

तिनं पडवीतून मुसळ आणलं आणि गिझरवर असे सहा घाव घातले, की भंगारवाल्यानंही आधी हे काय होतं ते विचारलं.

आता मोरीचा व्हेंटिलेटर उघडा असतो, राख खुशाल आत येते, आणि आंघोळीला सगळ्यांना बंबाचं पाणी. रंगनाथराव वर्षातून दोन-तीनदा बहिणीकडे म्हणून येतात. भजन तेवढंच मोठं, आंघोळ तेवढीच लांब. फक्त टॉवेल खांद्यावर टाकला, की मोरीच्या दाराशी थांबून ते एकदा हाक देतात, “ताई घरात हायेत का?” आतून मंदाचा “व्हय” आला, तरच आत जातात.

मागच्या महिन्यात मंदा बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. रंगनाथरावांनी हाक दिली आणि मी लगबगीनं म्हणालो, “ती नाही, पण मी आहे ना, पाव्हणं! अगदी दाराशी बसतो!”

त्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं, टॉवेल घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, सर. आज नुसतं तोंड धुतलं तरी चालंल.”